सात पिवळ्या रेघा

गाडी तिसऱ्या दगडावर चढली आणि अडली. ऋषीने रिमोटवर डावीकडे वळण दिलं. पुढचं उजवं चाक इमानाने वळलं, डावं मात्र सरळ समोर बघत राहिलं. हातभर लांबीची ती गाडी हळूच कलंडली, घरंगळत गवतात पडली आणि तिची चारी चाकं आभाळाकडे होऊन फिरत राहिली.

कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी स्पर्धेला जमलेल्या वीसेक लोकांत थोडा हशा पिकला. दशरथकाका हसले नाहीत. सहा दगड पार झाले असते तर पुढच्या रविवारपासून स्पर्धा भरवणाऱ्या बद्रीनाथशेठच्या बिबवेवाडीतल्या दुकानात, अशा गाड्या जोडायला शिकवणारा मुलांचा वर्ग त्यांनी घ्यायचा, असं ठरलं होतं. आठ मुलांची नावं आली होती. काकांनी पहिल्या चार धड्यांची टिपणंही काढून ठेवली होती.

काकांनी चिंचवडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टेम्पोंना स्प्रिंगचे पाटे आणि शॉक-अब्सॉर्बर बसवले होते. ऋषी त्यांच्याच इमारतीतला. दहा वर्षांचा असताना सायकलचं पंक्चर काढायला त्यांच्याकडे शिकला, आता हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दोन महिन्यांपूर्वी तो ही दगडांवर चढणारी गाडी घेऊन आला. चाक दगडांच्या बेचक्यात अडकलं की ते वळतच नाही, अशी त्याची तक्रार होती. काकांना एकदम वीस वर्षं कमी झाल्यासारखं वाटलं.

एकेक गोष्ट त्यांनी त्याच्याकडूनच करून घेतली. स्टिअरिंगच्या छोट्या मोटरचा दांडा बाहेरच्या भोकातून काढून आतल्या भोकात जोडला. चाक थोडं कमी वळेल, पण जोर वाढेल. शॉकमधलं दाट तेल काढून पातळ घातलं, कडक स्प्रिंगा बदलून मऊ बसवल्या. बॅटरी मागून काढून पुढच्या ॲक्सलवर नेली, म्हणजे चढावर तोंड वर करून गाडी उलटणार नाही. ऋषीने विचारलं, एवढं मऊ कशाला, गाडी डुलेल ना. काका म्हणाले होते, "डुलू दे. एका चाकाखाली दगड आला की बाकीच्या तिघांना त्याचा पत्ता लागता कामा नये."

शेवटचं काम स्क्रू आवळण्याचं. कारखान्यात एक रीत होती. नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट पुढे कधी ढिला होऊन फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ ओढणाऱ्याने शब्द दिला, असं समजायचं. तो नट शेजारच्याने परत तपासायचा नाही. तपासला तर तो त्या माणसाचा अपमान. शनिवारी काकांनी पाना आणि रंगाची बाटली ऋषीच्या हाती दिली आणि ते खाली भाजी आणायला गेले. परत आले तेव्हा आठही स्क्रूंवर सुरेख रेघा होत्या. काकांनी गाडी उचलली, रेघा पाहिल्या आणि समाधानाने खाली ठेवली.

आता बद्रीनाथशेठ गवतातली गाडी उचलून बघत होते. स्टिअरिंगच्या दांडीचा डावीकडचा स्क्रू निघून गेला होता. त्यांनी विचारलं, हे बसवलं कुणी?

काकांनी ऋषीकडे पाहिलं.

"काकांनीच फिट केलंय सगळं," ऋषी म्हणाला. "वय झालं ना आता. हाताला तेवढी ग्रिप राहत नाही."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण ऋषी पुढे बोलतच होता. वर्गाचं टेन्शन घेऊ नका, संडेला मी घेईन म्हणाला, सगळं येतं मला.

"दगड काही वय विचारून पाडत नाही, काका," शेठ म्हणाले. "मुलांच्या हातात देण्याआधी कळलं, हे बरं झालं." गाडी काकांच्या हाती देऊन, ऋषीला रविवारी ये म्हणून सांगून ते पुढच्या स्पर्धकाकडे वळले.

काका एका दगडावर बसले. खिशातून पाना काढला आणि उरलेल्या स्क्रूंकडे पाहिलं. सातही रेघा सरळ होत्या, एकही तुटलेली नव्हती. म्हणजे रेघ ओढल्यापासून एकही स्क्रू जागचा हललेला नव्हता. त्यांनी पहिल्याला पाना लावला. तो अर्धा फेरा सहज आत गेला. दुसराही गेला. सातही गेले.

ऋषी समोर येऊन उभा होता.

"रेघ ओढलीस तेव्हा पाना कुठे होता?" काकांनी हळू आवाजात विचारलं.

ऋषीने आजूबाजूला पाहिलं. "ऑफिसचा कॉल सुरू होता हो. म्हटलं, रेघा तरी मारून ठेवू, नंतर टाइट करू. राहून गेलं."

"मला सांगायचंस."

"तुम्ही परत बघणार नाही, माहीत होतं ना." मग तो आणखी जवळ आला. "काका, शेठना नका ना सांगू. आता वर्ग मला दिलाय त्यांनी."

काकांनी गाडी त्याच्या हातात ठेवली. उठून ते शेठकडे गेले. ऋषी जागच्या जागी थिजला.

"चूक माझी आहे," काका शेठना म्हणाले. "मी तपासायला हवं होतं." एवढंच बोलून ते रस्त्याकडे निघाले. ऋषीने मागून हाक मारली, बाइकवर सोडतो म्हणाला. ते बसने घरी आले.

द्वारकाकाकूंनी चहा दिला. काय झालं, हे त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं, कारण त्यांनी विचारलं नाही. दुसरंच काहीतरी सांगत राहिल्या, की कुकरचा दांडा कालपासून हलत होता, तुमचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मीच आवळला, आता अगदी पक्का बसलाय. काका बरं म्हणाले.

काकू कपडे काढायला गच्चीवर गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत काका बसून राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले, कुकर ओट्यावरून उचलला, स्क्रू-ड्रायव्हर लावून पाहिला.

स्क्रू तसूभरही हलला नाही.

काकांनी कुकर परत ओट्यावर ठेवला, आवाज होऊ न देता.