समासात कोण हसलं?

चष्मेवाल्यांना आयुष्यात एकच नाद, आणि तो म्हणजे खून. पुस्तकातला हो! एरवी माणूस इतका भित्रा की दुकानात झुरळ निघालं तर स्टुलावर चढायचा. पण संध्याकाळी शटर ओढून घरी आले, हातपाय धुऊन खुर्चीत टेकले, की त्यांना एक प्रेत लागायचंच. कविता, चरित्रं, प्रवासवर्णनं हे सगळं त्यांच्या लेखी एकाच खात्यातलं: बिनखुनाची पुस्तकं. बायको म्हणायची, "तुमची थोरली बहीण जगातलं सगळं वाचते, आणि तुम्ही जन्मभर एकच पुस्तक वाचताय. फक्त मयत तेवढा बदलतो."

तर त्या संध्याकाळी वाचनालयातून आणलेली एक जाडजूड रहस्यकथा त्यांनी उघडली. बंगल्यात मेजवानी रंगात आली होती. पाहुणे एकमेकांकडे संशयाने बघत होते. तेवढ्यात माळी फुलदाणी घेऊन आत आला, आणि 'माळी' या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ! शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: 'हाच!'

चष्मेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, अजून खून व्हायचा होता आणि खुनी सापडला! तरी एक वेडी आशा धरून त्यांनी पुस्तक संपवलं. माळीच होता मेला.

पुढच्या पुस्तकात तेच. 'सावत्र मावशी' खाली रेघ आणि 'हीच!' त्याच्या पुढच्यात नावाडी. चष्मेवाल्यांची झोप उडाली. सकाळी दुकान उघडायच्या आधी ते तरातरा वाचनालयात गेले आणि पुस्तकं टेबलावर आपटली.

ग्रंथपाल बाई शब्द मोजून खर्च करणाऱ्या. त्यांनी शांतपणे तिन्ही रेघा पाहिल्या.

"कोणी नेली होती ही पुस्तकं? नोंद काढा," चष्मेवाले गरजले.

"अर्ध्या गावाने. त्यातलं नेमकं कोण, कसं सांगू? तिन्ही वाचलेली म्हणाल तर तुमची आक्का. पण ती तर इथलं सगळंच वाचते."

"आक्काचं काय घेऊन बसलात! ती पुस्तकाचं पान दुमडू देत नाही कोणाला. लहानपणी मी दुमडलं तर पाठीत धपाटा बसायचा." त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "ते काही नाही. पाटी लावा. पुस्तकात खुणा करणाऱ्याचं कार्ड रद्द."

"रद्द?"

"कायमचं! तो शब्द घालाच. आणि त्या मेल्याला मी शोधून आणतो."

पाटी लागली. 'कायमचं' या शब्दाखाली चष्मेवाल्यांनी स्वतः जाड रेघ मारली आणि छाती फुगवून दुकानात आले.

दुकानात आक्का येऊन बसली होती. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, दुकानामागच्याच इमारतीत एकटी राहणारी, टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेली. एके काळी कोणाचाही नंबर विचारा, वहीत न बघता सांगायची. तिने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "बोक्या, तुझा नंबर परत चुकलाय."

साठी ओलांडलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला बोक्या म्हणणारी जगात एवढी एकच व्यक्ती उरली होती. चष्मेवाल्यांनी मुकाट्याने तिला खुर्चीत बसवलं, भिंगं बदलून बदलून पाहिली, वाचायचा तक्ता हातात दिला. तळातली मुंगीएवढी ओळ तिने घडाघडा वाचली.

"दिसतंय की सगळं!"

"दिसतं रे. पण वाचलेलं हाताला लागत नाही. काच बदल."

या वर्षात कितव्यांदा काच बदलायची, ते चष्मेवाल्यांना सांगता आलं नसतं. आपल्या हातून असा नंबर चुकावा हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. म्हणून त्यांनी विषय बदलला आणि पेन्सिलवाल्याची सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. आक्का ऐकत राहिली.

"सापडला तर त्याला पुस्तकं नाहीत? अजिबात?"

"एकसुद्धा नाही. बसू दे बोंबलत."

"बरोबर आहे," आक्का म्हणाली आणि चष्मा न घेताच निघाली. हाक मारून द्यावा लागला.

आता चष्मेवाले हात धुऊन त्या पेन्सिलीच्या मागे लागले. रहस्यकथांच्या कपाटात नुसते 'हाच' आणि 'हीच' मिळत होते, त्यावरून माणसाचा काय पत्ता लागणार! मग ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कपाटांतही बघा की. पेन्सिल खुनापाशीच थांबली असेल कशावरून?"

आली का पंचाईत! पण इलाज नव्हता. नाक मुरडत त्यांनी एक प्रवासवर्णन उचललं. जहाजावर जन्म काढलेल्या एका स्वयंपाक्याने ते लिहिलं होतं, आणि गंमत म्हणजे त्या माणसाला समुद्राचा मनस्वी तिटकारा होता. प्रत्येक बंदरात उतरला की तो आधी विहीर शोधायचा. चष्मेवाले खुणा शोधायला म्हणून भराभर पानं उलटत होते, ते कधी वाचायला लागले त्यांना कळलंच नाही. बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा ते एका वाळवंटातल्या विहिरीपाशी होते. तिथेच समासात लिहिलं होतं: 'इथे जायचं होतं.'

"अगं, हा माणूस फिरायला न मिळालेला आहे," त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं.

"मी पण तसलीच आहे. मला पकडा," बायको म्हणाली.

मग भुताच्या गोष्टी. त्यातली भुतं इतकी सभ्य की घरात शिरण्याआधी दार वाजवायची. समासात: 'भीती वाटली नाही. का?' मग एका बाईने घरट्यापाशी अख्खा उन्हाळा बसून एकाच कावळ्याच्या जोडप्यावर लिहिलेलं पुस्तक. तिथे 'पिल्लू उडालं!!' अशी दोन उद्गारचिन्हं. चष्मेवाल्यांनी ते पिल्लू उडेपर्यंत दुकान उघडलं नाही. गिऱ्हाईक बाहेर कडी वाजवत होतं आणि हे आत, "उड रे बाबा, उड!"

हळूहळू काय झालं, की पेन्सिल पकडण्याची घाई मागे पडली आणि तिच्या मागून जाण्याची गोडी लागली. जिथे पेन्सिल थांबली तिथे हेही थांबायचे. ज्या लेखकाला तिने 'छान' म्हटलं, त्याचं दुसरं पुस्तक हुडकून काढायचे. कुठे नुसतंच प्रश्नचिन्ह असलं की दिवसभर डोक्यात भुंगा: हिला, म्हणजे ह्याला, इथे काय खटकलं असेल? दुकानात एका शिक्षकाचे डोळे तपासताना त्यांनी मध्येच विचारलं, "कावळी अंडी टाकून जाईल का हो?" शिक्षक घाबरून म्हणाले, "डोळे फार बिघडलेत का?"

मग एका डॉक्टरीणबाईने स्वतःच्या गुडघ्यांवर लिहिलेलं विनोदी पुस्तक हाती आलं. पुरात गाढवावरून पेशंटकडे निघालेल्या डॉक्टरीणबाईंना गाढवाने उलट घरी आणून सोडलं, त्या प्रसंगाशेजारी एकच शब्द होता: 'हसले.'

"सापडलं!" चष्मेवाले ओरडले. "अगं, बाई आहे ती बाई! 'हसलो' नाही, 'हसले' लिहिलंय!"

"गाढव हसले असेल," बायको म्हणाली.

पण चष्मेवाल्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता. पुढच्या पानावर दुसरं 'हसले'. त्याच्या पुढे 'इथे रडले.' आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, एक पूर्ण ओळ: 'गाढवाची गोष्ट बोक्याला वाचून दाखवणे.'

त्यांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला. परत वाचली. मग पुस्तक तसंच समोर बसलेल्या बायकोपुढे सरकवलं. तिने ओळ वाचली आणि नेहमीसारखं टोमणा मारायचं सोडून त्यांचा हात धरला.

"जा," ती म्हणाली. "आधी चहा प्या, मग जा. आणि रागावू नका तिला."

आक्काचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती खिडकीपाशी बसली होती, मांडीवर पुस्तक, कानामागे पेन्सिल. चष्मेवाल्यांनी गुडघ्यांचं पुस्तक तिच्यापुढे धरलं. आक्काने ते पान पाहिलं आणि कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. लहानपणी त्यांच्या चोरलेल्या गोट्या, पकडली गेली की, ती अशाच त्यांच्या हातात ठेवायची.

"का गं?" एवढंच ते म्हणाले.

"आणलेलंच पुस्तक परत आणायला लागले रे. अर्धं वाचून होईपर्यंत लक्षातच यायचं नाही. एकदा तर एकच पुस्तक लागोपाठ दोनदा आणलं, आणि ग्रंथपाल बाई माझ्याकडे कशा बघतात ते मी पाहिलं. मग ठरवलं, शेवट हातात आहे तोवर मागे जाऊन खूण करून ठेवायची. खूण दिसली की कळतं, इथून मी गेलेय."

"मग एखाद्या वहीत लिहायचं!"

"लिहिलं होतं. वही कुठे ठेवली ते आठवेना."

दोघंही हसली, आणि हसता हसता चष्मेवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते काही केल्या थांबेना. "मला सांगायचंस ना. मी मूर्खासारखा काचा बदलत बसलो!"

"मला पण वाटायचं ना, काचच असेल. तसं वाटलेलं बरं होतं." आक्काने पदराने त्यांचं तोंड पुसलं. "अख्ख्या गावाचे नंबर होते बोक्या माझ्या डोक्यात. आणि आता तुला माझा एक नंबर सापडत नाही म्हणून तुझ्यावर चिडत होते. डॉक्टरकडे येईन मी, तू म्हणशील तेव्हा. पण पाटी मी वाचली आहे. पुस्तकं खराब केली हे खरंच आहे. तू माझं नाव सांग. फक्त…" तिने मांडीवरचं पुस्तक घट्ट धरलं. "फक्त एवढं संपवू दे."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले वाचनालयात गेले, ते पाय ओढत. पाटीवरच्या 'कायमचं'कडे त्यांना बघवेना. कुठून ती जाड रेघ मारायची बुद्धी झाली, असं त्यांना झालं.

"सापडला?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"सापडला. मीच तो."

बाईंनी त्यांच्या हातातलं गुडघ्यांचं पुस्तक ओढून घेतलं आणि एक पान उघडलं. "इथे 'हसले' लिहिलंय."

"घाईत काना द्यायचा राहिला."

त्यांनी पान उलटलं. "इथे 'रडले'."

"तिथेही राहिला."

"दरवेळी?"

"दरवेळी," चष्मेवाले म्हणाले. "माझा काना कच्चाच आहे लहानपणापासून. करा रद्द. पण माझंच करा. दुसऱ्या कोणाचं नका करू, हात जोडतो."

ग्रंथपाल बाईंनी ड्रॉवर उघडला, चष्मेवाल्यांचं कार्ड शोधून काढलं आणि मधोमध फाडलं. "नियम तुम्हीच मागून घेतलात, मी काय करू? तुमच्या बहिणीचं कार्ड मात्र चालू आहे. पुस्तक तिच्या पसंतीचं मिळेल, तुमच्या नाही." आणि मग, स्वतःच्या शब्दांचा सगळा साठा एकदम उधळत, त्या म्हणाल्या, "आणि तिला मऊ पेन्सिल द्या. कडक पेन्सिलीने कागद फाटतो. लिहू दे तिला. मागून वाचणाऱ्यांपैकी कितीतरी लोक मला विचारतात, हे 'छान' लिहिणारं कोण आहे, त्याला आवडलेलं आणखी काही द्या."

त्या दुपारी आक्का वाचनालयात आली आणि कपाटांमधून चांगली तासभर फिरली. चष्मेवाले मागे पिशवी धरून उभे. रहस्यकथांपाशी त्यांनी जरा घुटमळून पाहिलं, पण आक्काने ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी तिने कोपऱ्यातून एक जुनं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक निवडलं. कवितांचं होतं की आठवणींचं, वरून कळायला मार्ग नव्हता.

घरी आल्यावर ती खिडकीपाशी बसली आणि पुस्तक भावाकडे दिलं. "तू वाच. मी ऐकते. मध्ये मध्ये थांब."

चष्मेवाल्यांनी पहिलं पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'फार फार आवडलं.' त्यांनी ते झटकन अंगठ्याखाली झाकलं, पण आक्काची नजर अजून पक्की होती.

"बघू?" तिने त्यांचा अंगठा बाजूला केला आणि ओळ वाचली. क्षणभर तिचा चेहरा पडला. मग हळूहळू तिथे असं कुतूहल आलं की ती खुर्चीत पुढे सरकून बसली.

"अगोबाई! मला फार आवडलंय हे."

"काय आहे गं यात?"

"कोणाला ठाऊक! वाच की लवकर, बघू."