ऐकल्यापासून दहा दिवस

वडूजहून टपालवाला आठवड्यातून एकदाच यायचा. त्या बुधवारी त्याने मिशनच्या दवाखान्याच्या ओट्यावर एकच पाकीट ठेवले आणि एडिथबाईंनी ते उभ्या उभ्याच वाचले. आई गेली होती. तीही आज-काल नव्हे, अकरा आठवड्यांपूर्वी. लढाईमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून येत. तेवढा वेळ पत्र समुद्रावर होते आणि बाई इकडे रोज प्रार्थनेत आईसाठी आयुष्य मागत होत्या.

पाकीट कपाटात ठेवून त्यांनी पट्ट्या उकळत टाकल्या आणि दार उघडले. खोकला, खरूज, आलेले डोळे. ओहायोतल्या चर्चने पाठवलेल्या या नर्सला खटाव तालुक्यात सहा वर्षे झाली होती. जोडीची डॉक्टरीणबाई आजारी पडून मायदेशी गेल्यापासून दवाखान्यात त्या एकट्याच होत्या. दुपारपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी बनुबाईकडे जायचे होते. पंधरा दिवसांची बाळंतीण, छातीला गळू झालेले, अंगात बारीक ताप. परवा बाईंनीच ते कापले होते. रोज जखम धुऊन आत कापडाची नवी वात भरली नाही, तर वरून तोंड मिटून पू आत कोंडला असता. तसे झाले की काय होते, हे त्यांनी गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका घरी पाहिले होते. ती पोर वाचली नव्हती.

बनुबाईची सासू तानुबाई दारातच बसली होती. तिचा मुलगा जोतीराम पलटणीत होता.

"टपाल आलं म्हनं. माज्या जोतीरामचं काय हाय का?"

"नाही, तानुबाई. माझंच होतं."

"आई बरी हाय न्हवं तुमची?"

दर पत्राला ती हे विचारी आणि बाई "बरी आहे" म्हणून पुढे होत. आज जीभ वळली नाही.

"माझी आई वारली."

तानुबाई उठली आणि दोन्ही हात आडवे धरून उंबऱ्यात उभी राहिली.

"कवा?"

"तीन महिने होत आले."

"त्ये न्हवं. तुमाला कवा कळलं?"

"आज सकाळी."

"आज कळलं आन् आजच बाळंतिणीला शिवाया आलीस व्हय गं?"

सहा वर्षांत तिने बाईंना पहिल्यांदाच 'गं' म्हटले होते.

शेजारची सुलाबाई गडग्यावरून डोकावली. "आवं आत्याबाई, मडमांच्यात सुतक नसतंय."

"आई मेल्यावर सुतक नसतंय? ही काय ढेकळातनं निपजलीया?"

"मग लेकीला तीनच दिस."

"लगीन झालेल्या लेकीला तीन. हिचं कुटं झालंय? हिला धा. ऐकल्यापासनं धा."

"तानुबाई," एडिथबाई म्हणाल्या, "आज जखम धुतली नाही तर रात्री ताप चढेल."

"चढू दे. पन तू आत यायची न्हाईस."

बाईंनी पिशवी अंगणात ठेवली आणि चार पावले मागे सरल्या. "मग तुम्ही धुवा. मी इथून सांगते."

तानुबाई पदर खोचत म्हणाली, "अडलेल्या धा-ईस मेंढ्या सोडवल्यात्या म्या. ही तर सून हाय."

बाज दारापर्यंत ओढली गेली. बाई उन्हात उभ्या राहून सांगत होत्या. कोपरापर्यंत साबण. पुन्हा एकदा.

"चामडं सोलतीया जनू माजं," तानुबाई पुटपुटली.

वात ओढताना बनुबाई किंचाळली आणि बाईंची बोटे नकळत हवेत हलली. पू वाहिला. स्वच्छ पाण्याने धुवा, अजून, अजून. आता नवी वात, अलगद.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे दार उघडे होते, पण ओट्यावर कोणी आले नाही. गावात बातमी फिरली होती. सुलाबाईने लांबूनच भाकरी-आमटी ठेवली आणि "चूल पेटवू नगा" एवढे सांगून ती वळली. बाईंचे दुःख गावाने मान्य केले होते आणि म्हणूनच गाव लांब उभे होते. त्यांना तानुबाईच्या अंगणातले दुपारचे ते ऊन तेवढे उरले. तिथे उभे राहिले की कोणीतरी त्यांचे ऐकत होते.

रविवारी बनुबाईचा ताप उतरला. तानुबाईने काढलेली पट्टी दोन बोटांत धरून उंच केली. पू नव्हता.

"आतनं लालभडक दिसतंय. बेस हाय न्हवं?"

"फार चांगलं आहे."

"मग आता रोज उनात ताटकळू नगं. म्या करती. सुतक सरलं की ये."

उद्याही येते, असे बाईंच्या ओठांवर आले होते. पण यायला आता कारण नव्हते. त्या दवाखान्यात परतल्या. पट्ट्या उकळून घड्या झालेल्या, बाटल्या पुसलेल्या, अंगण झाडलेले. त्यांनी पुसलेल्या बाटल्या पुन्हा पुसायला घेतल्या. तिसऱ्या बाटलीला हात थांबला. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून झग्याचे टोक दाबून रडू लागल्या. दार सताड उघडे होते. रस्त्याने जाणाऱ्या दोन बायका थबकल्या, क्षणभर उभ्या राहिल्या, आणि आत न येता पुढे गेल्या.