दोन कुलूपवाले

कुलूपवाल्याला त्या खोलीचा पत्ता मिळाला तो डॉक्टरांच्या दवाखान्यात. डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी एक कागद चिकटवलेला होता: दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग, दर गुरुवारी संध्याकाळी, लॉन्ड्रीच्या वर. तक्ता वाचतोय असं दाखवत त्याने पत्ता पाठ केला. चोरी करायची नसली तरी चोरासारखं वागायची त्याला सवयच लागली होती.

पण पत्ता मिळणं वेगळं आणि जिना चढणं वेगळं. पहिल्या गुरुवारी तो पायरीपर्यंत गेला, कोणीतरी बघतंय असं वाटलं आणि तसाच लॉन्ड्रीत शिरला. शिरल्यावर काहीतरी द्यायला हवं, म्हणून पिशवीतला कामाचा शर्ट इस्त्रीला टाकला. पुढच्या गुरुवारी तो घ्यायला गेला आणि दुसरा टाकून आला. असे बरेच गुरुवार गेले. दारू होती तिथेच राहिली. शर्ट मात्र नवरदेवाने हेवा करावा असे कडक झाले.

दुकान आता मुलगीच बघायची. बापाकडून शिकून ती बापाच्या पुढे गेली होती, आणि त्यात त्याला आनंदच होता. त्याचे हात सकाळी थरथरायचे. ती थरथर थांबवायचं औषध हत्यारांच्या पिशवीत, कानशीखाली असायचं. कोणी विचारलंच तर कारणं तयार होती: ॲसिडिटी, अपुरी झोप, चष्म्याचा नंबर. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त बोलायचं नव्हतं.

मग मुलीला दुसऱ्या गावच्या कुलपांच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. रविवारपर्यंत कळवायचं होतं. जेवताना ती म्हणाली, "सोडा असं मी म्हणतच नाही, बाबा. 'पितो' एवढं एकदा तोंडाने म्हणा. तेवढं ऐकलं तर मी राहीन."

"भाजीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

त्यानंतरच्या गुरुवारी त्याने सकाळपासून घेतली नाही. बाटली घरीच ठेवली. कोऱ्या किल्ल्या आणायला जातो असं मुलीला सांगून दुकानातून निघाला, आणि लॉन्ड्रीकडे मान न वळवता जिना चढला.

वर मीटिंगची माणसं बंद दारासमोर ताटकळत उभी होती. खोलीची किल्ली त्यांच्यातल्याच एका शिंप्याकडे असायची. आता ती अर्धी त्याच्या हातात होती आणि अर्धी कुलपात. तो चहाची किटली धरून ओशाळा उभा होता. कुलूपवाल्याच्या खांद्यावरची पिशवी बघून एक रिटायर्ड नर्सबाई म्हणाल्या, "आलात? आम्ही फोन केला ते कुलूपवाले तुम्हीच ना?"

"हो," तो म्हणाला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; याला तर अख्खं कुलूप मिळालं. तुकडा काढायचा, दार उघडून द्यायचं आणि सभ्य माणसासारखं खाली उतरायचं. मीटिंगला गेलो होतो असं स्वतःला सांगता येईल आणि कोणाला काही सांगावंही लागणार नाही. तो गुडघ्यावर बसला आणि बारीक आकडा कुलपात घातला. आकडा निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. जिन्यावरचा बल्ब मंद होता, पण त्याचे हात दिसायला तेवढा उजेड पुरेसा होता.

शिंप्याने किटली खाली ठेवली. "सकाळपासून घेतलेली नाही वाटतं," तो हळूच म्हणाला.

"शुगर कमी झालीय माझी."

कोणी हसलं नाही. इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी शुगरच्या नावावर बिल फाडलेलं होतं. नर्सबाईंनी कपात चहा ओतला, त्यात दोन चमचे साखर घातली आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या मग," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. "सॉरी, गिऱ्हाईक होतं म्हणून उशीर झाला," म्हणत त्याची मुलगी वर आली आणि बापाला बघून शेवटच्या पायरीवर थांबली. तिच्याही खांद्यावर हत्यारांची पिशवी होती.

"एकावर एक फ्री दिसतंय," शिंपी म्हणाला.

"फोन मी घेतला होता," मुलगी म्हणाली.

"मग हे कोण?" नर्सबाईंनी विचारलं.

मुलीने दाराकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि गोऱ्यामोऱ्या झालेल्या बापाकडे. सगळं तिच्या लक्षात आलं. "माझे बाबा," ती म्हणाली. "मदतीला आलेत." आणि शेजारी बसून तिने त्याच्या हातातला आकडा काढून घेतला.

सुटायला याहून चांगली वाट नव्हती, आणि ती मुलीनेच करून दिली होती. स्वतःच्या थापा त्याच्या अंगवळणी पडल्या होत्या. पण त्याच्याकडे फक्त एक खरं वाक्य मागणारी पोर त्याच्यासाठी चार लोकांत खोटं बोलली, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मदतीला नाही," तो म्हणाला. "मीटिंगला आलोय. मी पितो. बरीच वर्षं पितोय."

मुलीने मान वर केली नाही, पण कुलपातला आकडा थांबला. थोड्या वेळाने तिने पिशवीतून टॉर्च काढून त्याच्या हातात दिला.

"धरा, बाबा. नीट दिसत नाहीये."

त्याने टॉर्च लावला. उजेड कुलपावर राहीना. दारभर नाचायला लागला. त्याने दुसरा हातही लावून पाहिला.

"हलतोय गं," तो म्हणाला.

"हलू दे," ती म्हणाली. "मला दिसतंय."