सात नंबरची जागा

अनुसूयाचा हात इतका सरळ, की तिनं मारलेली वेल्डिंगची रेघ बघून मल्लेश्वरमच्या दोन शिंप्यांनी धंदा सोडला म्हणतात. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. आता ते इडल्या विकतात. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत बापानं टाकलेली शेड ती एकवीस वर्षं चालवत होती. शेजारची शेड वादिराजची. त्याची जीभ एवढी गोड, की त्याच्या ऑफिसात मुंग्या साडेनऊला हजर व्हायच्या आणि रविवारी सुट्टी घ्यायच्या. ती पोलाद जोडायची, तो माणसं. दोन शेडमधल्या पत्र्याला एक चौकोनी भोक पाडलेलं होतं. इकडून डबा जायचा, तिकडून कॉफी यायची. दर राखीला तो त्याच भोकातून हात पुढे करायचा. म्हणायचा, "अक्का, स्वल्प घट्ट बांध."

मग पाच राज्यांनी मिळून एक काम काढलं. कारखान्याचा धूर चिमणीतच अडवायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, नळांतून न्यायचा आणि जमिनीखालच्या काळ्या दगडात कायमचा कोंबायचा. धूर काही हद्दीची पाटी वाचून थांबत नाही, मग माणसांनी तरी का थांबावं? कुणी दगड शोधून दिला, कुणी नळाला वाट दिली. कर्नाटकाच्या वाट्याला आला धुरातून गॅस पकडणारा खांब. आणि ज्या शेडचा खांब पास होईल, तिथंच पाची राज्यांचे वेल्डर शिकायला येणार होते.

अनुसूयाला हवं होतं ते एवढंच. तिला शिकवायचं होतं. बापाच्या शेडमध्ये पाच भाषांतल्या शिव्या एकदम ऐकायच्या होत्या.

"अक्का, तू बनव, बोलायचं मी बघतो," वादिराज म्हणाला. "पाटीवर दोघांची नावं. सरी, ठीक ना?"

"सरी."

आठ महिने लागले. शेड तिची ठेंगणी, म्हणून खांब उभा राहिला वादिराजकडे. एवढा उंच, की वर बसलेल्या घारीला खालचं बोलणं दुसऱ्या दिवशी ऐकू यायचं. शेवटचा जोड तळाशी, झाकणाच्या मागे होता. अनुसूया पाठीवर झोपून आत सरकली आणि जोडाशेजारी पंचानं सातचा आकडा ठोकला. सात हा तिचा नंबर, त्याआधी बापाचा. वेल्डरनं जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचाच. उद्या गळती लागली तर कुणाला धरायचं ते कळलं पाहिजे. बॅटरी धरून वादिराज उकिडवा बसला होता.

"इथं कोण बघणार, अक्का?"

"फुटलं तर बघतील."

"आणि नाही फुटलं तर?"

"तर तू सांग की. बोलायचं तुझ्याकडे आहे ना?"

तो हसला होता. बॅटरीचा उजेडसुद्धा हलला होता.

खांब दाखवायच्या दिवशी त्यानं तिला अकराला बोलावलं. तिला राहवलं नाही, ती मेट्रोनं दहालाच पोचली. शेडमध्ये पाची राज्यांची माणसं कॉफी घेत उभी. खांबावर नवीकोरी पितळी पाटी. त्यावर एकच नाव : वादिराज इंजिनिअरिंग.

"अगं, पाटीवाल्यानं घोळ घातला," वादिराज घाईघाईनं जवळ आला. "उद्या बदलतो. आज पाहुण्यांसमोर नको, अक्का."

त्या 'अक्का'वर तिनं अर्धा विश्वास ठेवला. एकवीस वर्षांची सवय. पाटी काय, चार स्क्रूंची. खाली पोलादात सात आहे, तो कुठं जातोय? तरी पदर खोचून ती खांबामागे वाकली आणि हात आत घातला.

बोटाला आकडा लागला नाही.

जागा तीच होती. बोट घसरून एका गुळगुळीत खळग्यात गेलं. ग्राइंडर मारला होता, वर ताजा रंग. नखाला चिकटला. पाटीवाला चुकू शकतो, पण ग्राइंडर काही चुकून झाकणामागे जात नाही. ती जागा दोघांनाच ठाऊक होती. एक ठोकणारी. दुसरा बॅटरी धरणारा.

तिनं हात बाहेर काढला.

"चला, प्रेशर देऊ या," समोरून आवाज आला. पाची राज्यांच्या वतीनं सगळं जमवणारी सुखदा, पुण्याहून आलेली, घड्याळ बघत होती. "आपण ऑलरेडी लेट आहोत."

अनुसूयाला गप्प बसता आलं असतं. पण जोड खरवडून पातळ झाला होता, आणि या गॅसला ना रंग ना वास. बंद शेडमध्ये सुटला, तर माणूस उभ्याचा आडवा. जोड अजून तिचाच होता, नंबर असो नसो.

"थांबा," ती म्हणाली. "खालचा जोड खरवडलाय. पुन्हा पाणी भरून दाबाची टेस्ट झाल्याशिवाय गॅस सोडायचा नाही."

सुखदानं वाकून मोबाइलचा उजेड टाकला. ओला रंग चमकला.

"माय गॉड. पण तुम्हाला कसं कळलं? नेमकं इथंच?"

"तिथं माझा नंबर होता."

सगळ्यांच्या माना वादिराजकडे वळल्या. "वादिराज सर," सुखदानं विचारलं, "ग्राइंडर कुणी मारला?"

ज्याच्या जिभेवर मुंग्यांचं पोट चालायचं, त्यानं उत्तर अनुसूयावर ढकललं. तिच्याकडे वळून बघितलं, राखीच्या दिवशी बघायचा तसंच. "अक्का... तू सांग ना यांना. आपलं काय आहे ते."

"बोलायचं तू बघणार होतास ना?" ती म्हणाली. "बोल."

तो काय बोलला, ते ऐकायला ती थांबली नाही. सुखदा मागून हाका मारत होती, "मॅडम, टेस्ट तुम्हीच घ्या, प्लीज!" अनुसूयानं हातानंच येते म्हणून खूण केली. आधी तिला दुसरं काम होतं.

आपल्या शेडमध्ये येऊन तिनं एक पत्रा कापला आणि मधल्या भोकावर धरला. पलीकडे कॉफीचा पेला तसाच ठेवलेला दिसत होता, तिच्यासाठी भरलेला. तिनं चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं. रेघ नेहमीसारखी सरळ आली नाही.

मग पंच घेतला आणि कोपऱ्यात सात ठोकला. आपल्या बाजूनं.