दोन चर्चांचा एक मग्गा

मी मग्गा आहे. अॅल्युमिनियमचा, लिटरभर पाणी मावणारा, एक कान वाकलेला. कोणी मला 'पवित्र पात्र' वगैरे म्हणालं तर तिकडे लक्ष देऊ नका. तीन वर्षं मला मखमलीवर बसवून लोकांनी माझ्यापुढे गुडघे टेकले, आणि त्या तीन वर्षांत माझ्यात कोणी थेंबभर पाणी घातलं नाही. माणसांची अक्कल केवढी असते, ते मला तिथे कळलं. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यावर धाडकन दाब पडला आणि मी झालो. माझ्यासोबत अकरा भाऊ झाले, सगळे हुबेहूब. डझनाचा गठ्ठा बांधून आम्हाला एका छोट्या प्रसूतिगृहात आणलं. तिथल्या आयाबाईंना डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मावशी म्हणत. मावशींनी लाल रंगाने आमच्यावर वॉर्डांचे आकडे घातले. माझ्यावर तीन आणि माझ्या एका भावावरही तीन. भाऊ फरशी पुसायच्या बादलीत गेला, मी बाळांच्या अंघोळीला आलो. पहिल्याच आठवड्यात मावशींच्या हातून पडलो आणि कान वाकला.

"बरं झालं मेल्या," मावशी म्हणाल्या, "आता ओळखू तरी येशील."

काम साधं होतं. नळाखाली भरायचं, गरम-गार मिसळायचं, मावशींनी कोपर बुडवून बघितलं की बाळाच्या अंगावर रितं व्हायचं. वॉर्डात भेटायला येणारी माणसं मात्र मला कधीच आवडली नाहीत. बाळंतीण गळून पडलेली असायची आणि हे आधी विचारणार, नाक कोणावर गेलं? तिला पाणी हवंय का, हे फक्त मावशी विचारायच्या.

भेटायची वेळ चार ते सहा. त्या दोन तासांत गावभरची भांडणं माझ्या कानावर पडायची. त्यातलं सगळ्यात गाजलेलं भांडण चर्चचं. गावातल्या मोठ्या, रोमला मानणाऱ्या चर्चमधल्या एका लाडक्या फादरांची बदली झाली आणि ते जाईनात. बिशपनी त्यांना पदावरून काढलं, तर निम्मी माणसं त्यांच्यामागे निघाली आणि मंडपवाल्याच्या रिकाम्या गोदामात वेगळं चर्च सुरू झालं. स्वतंत्र कॅथलिक म्हणे. प्रार्थना त्याच, झगे तेच, मेणबत्त्याही त्याच, फक्त रोमचा हुकूम नको. नको तर नको! पण हुकूम नको म्हणून बाहेर पडलेल्या या शूरांनी वर्षाच्या आत स्वतःचा बिशप आणला, स्वतःचा शिक्का बनवला आणि कोणी कुठल्या बाकावर बसायचं याची यादी भिंतीवर चिकटवली. मोठ्या चर्चवाल्यांचं तर विचारूच नका. बाहेर पडलेल्यांशी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि त्याला धर्म म्हणू लागले. दोन्हीकडचे एकाच माळेचे मणी.

या भांडणात एक पोरगी सापडली. बेकरीत भट्टीवर काम करायची. तिचे वडील शिंपी, मोठ्या चर्चच्या फादरांचे झगे शिवणारे. सासू निवृत्त मुख्याध्यापिका आणि वेगळ्या चर्चची चिटणीस. सगळं गाव त्यांना बाई म्हणे आणि त्या घरातसुद्धा हजेरी घेतल्यासारख्या बोलत. लग्न झालं तेव्हा चर्च एकच होतं. नवरा भला माणूस, पण आईपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

पोरीला सातव्याच महिन्यात मुलगी झाली. बाळ इतकं लहान की मावशींनासुद्धा उचलताना भीती वाटली. डॉक्टर म्हणाल्या, "दोन दिवस निघू देत, मग पुढचं बोलू." पोरीने एकच गोष्ट मागितली. मुलीचा बाप्तिस्मा आजच्या आज व्हावा, ती तशीच जाऊ नये. एवढं ऐकून दोन्ही घरं मदतीला धावली आणि तिथेच सगळं बिघडलं.

चार वाजता दोन फादर हजर. शिंप्याने आपले आणले, बाईंनी आपले.

"विहीणबाई, गोदामातला बाप्तिस्मा आमच्या नातीला नको," शिंपी म्हणाला.

"अहो व्याही, तुमच्या फादरांना इथे बोलावलं कोणी?"

"मी बोलावलं. पोर माझ्या लेकीची आहे."

"आणि माझ्या लेकाची नाही?"

मोठ्या चर्चचे फादर म्हणाले, मूल कुठल्या चर्चमध्ये वाढवणार ते आधी लिहून द्या. वेगळ्या चर्चचे फादर म्हणाले, रोमच्या माणसाने पाणी घातलं तर मी साक्षीलाही उभा राहणार नाही. नर्सने चौघांना वॉर्डाबाहेर काढलं. त्यांनी व्हरांड्यात जाऊन भांडण पहिल्यापासून सुरू केलं. नवरा दारात उभा, ना आत ना बाहेर.

आणि बाळ निळं पडायला लागलं. नर्स डॉक्टरांना आणायला पळाली.

"मावशी," पोरगी म्हणाली, "तुम्ही घाला पाणी."

"अगं पोरी, मी तुमच्या धर्माची नाही. मला काय येतंय त्यातलं?"

"चालतं. जीव जात असेल तर कोणीही घातलेलं चालतं, लहानपणी शिकवलंय आम्हाला. मी सांगते तसं म्हणा, मावशी, लवकर!"

तिच्या एका हाताला सलाईन होतं, दुसऱ्या हातात बाळ. मावशींनी मला भरलं. तेवढ्या घाईतही त्यांनी गरम पाणी मिसळलं आणि कोपर बुडवून बघितलं. मग बाळाच्या कपाळावर तीनदा धार सोडली. "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते," मावशी अडखळत म्हणाल्या. बाहेर व्हरांड्यात तोवर विषय बिशपच्या टोपीवर गेला होता.

पोर वाचली. डॉक्टरांनी वाचवली, नळीने प्राणवायू देऊन. मी कसलाही चमत्कार केलेला नाही, हे लिहून घ्या.

आता गंमत अशी, की या एका बाबतीत दोन्ही चर्चांची पुस्तकं एकच बोलतात. असा बाप्तिस्मा खरा, आणि तो पुन्हा देता येत नाही. दोन्ही फादरांची तोंडं बघण्यासारखी झाली. तरी दोघं वेगवेगळे येऊन गेले. म्हणाले, पहिल्याबद्दल शंका आहे, तेव्हा "जर आधीचा बाप्तिस्मा झाला नसेल तर", असं म्हणून आपण पुन्हा पाणी घालू.

"पाणी पडलं, शब्द झाले, मी माझ्या कानांनी ऐकलं," पोरगी दोघांनाही म्हणाली. "आता माझ्या मुलीच्या डोक्याला कोणी हात लावायचा नाही." माणसांच्या तोंडून ऐकलेलं मला आवडलेलं तेवढं एकच बोलणं.

मूल हाताला लागेना, तेव्हा त्यांना मग्गा आठवला. बाईंनी प्रसूतिगृहाला स्टीलचा नवा मग्गा दिला आणि मला उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी शिंपी आला. मी गेलेला, म्हणून त्याने बादलीतला माझा भाऊ नेला. त्याच्यावरही तीनच होता ना! तेव्हापासून मोठ्या चर्चमध्ये लोक फरशीच्या मग्ग्यापुढे मेणबत्त्या लावतात आणि गोदामात माझ्यापुढे. माझ्याखाली पाटी होती: 'स्वतंत्र समाजाच्या प्रार्थनेचं फळ'. तिच्यावर बिशप होते, फादर होते, बाई होत्या. मावशी नव्हत्या.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा दोन्ही चर्चांनी एकाच रविवारी, एकाच वेळी तिच्या सत्काराची प्रार्थना ठेवली. आदल्या दिवशी दुपारी बाई माझं कपाट उघडून धूळ पुसत होत्या. तेवढ्यात सून आली, मुलीचं बोट धरून. बरोबर मावशी.

"लांबून बघा हं, पवित्र वस्तू आहे," बाई म्हणाल्या.

मावशींनी वाकून बघितलं आणि हसल्या. "अगं बाई, हा इथे होय! कान बघ, माझ्याच हातून वाकलाय. तुमचा तो स्टीलचा सहा महिन्यांत गळायला लागला हो बाई. वॉर्डात फार अडतं."

सुनेने पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. सासूला ती आई म्हणे. "आई, यात मावशी कुठे आहेत?"

"त्या आपल्यातल्या नाहीत."

सुनेने हात घालून मला बाहेर काढलं आणि मुलीच्या हातात दिलं. "चल, मावशींचा मग्गा देऊन येऊ."

"अगं, मग उद्या मी लोकांना दाखवू काय?" बाई ओरडल्या. सून थांबली नाही. रविवारीही ती दोन्हीकडे फिरकली नाही.

आता मी परत वॉर्डात आहे. भेटायच्या वेळी कळलं, की बाईंनी बाजारातून तसाच मग्गा आणला आणि त्याचा कान वाकवून घेतला. दोन्हीकडची गर्दी तेवढीच आहे. मग्गा बदललाय हे एकालाही कळलं नाही. बघतंय कोण?

तुम्हाला तिथे जाऊन गुडघे टेकायचे असतील तर जा बापडे. फक्त मला शोधत इकडे येऊ नका. दोन नंबरच्या खाटेवर बाळ झालंय आणि बाळंतिणीचे लोक व्हरांड्यात कशावरून तरी हुज्जत घालताहेत. मावशींनी मला नळाखाली धरलंय. पाणी जरा गरम आहे, अजून थोडं गार घालावं लागेल.