होडीच्या फळ्यांचा व्हिडिओ गेम

मित्रांनो, मला प्रथम पाहणारा कपाट समजतो, जवळ आल्यावर पेटारा म्हणतो, आणि काचेचा पडदा दिसला की उद्गारतो, "अरे, हा तर जुना व्हिडिओ गेम!" तिन्ही नावे मी आजवर निमूटपणे ऐकून घेतली. वाद घालण्याइतके त्राण आता माझ्यात नाही. तथापि माझ्याविषयी जे एक चुकीचे मत जामसंड्यात दोन वर्षे नांदले, ते खोडून काढल्यावाचून मला विसावा घेता येत नाही. ते मत असे की, 'चेडवाच्या हाताक गुण नाय, म्हणान हो गेम चलत नाय.' मुलीच्या हातात कसब नाही म्हणून मी चालत नाही, हे असत्य आहे. ते असत्य कसे जन्मले आणि कोणी पोसले, हे सांगताना माझे चरित्र आपोआपच सांगून होईल.

माझ्या फळ्या एका होडीसाठी कापल्या गेल्या होत्या. विजयदुर्गच्या खाडीकाठी दाजी मेस्त्रींचा मांगर, म्हणजे कामाची शाकारलेली खोप, आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे होड्या बांधल्या गेल्या. १९९८ साली दाजींनी एका मच्छीमारासाठी फणसाचे लाकूड चिरून सावलीत सुकत ठेवले. लाकूड सुकेपर्यंत त्या गृहस्थाने मालवणहून फायबरची होडी आणली. पुढे इतरांनीही तेच केले. फायबरला दरवर्षी तेल लागत नाही, की सांधे भरावे लागत नाहीत. त्यांचे म्हणणे रास्तच होते. पण रास्त गोष्टीनेही माणूस मोडतो. दाजींनी लाकूड तासायचा वाकस तेलात बुडवून कापडात गुंडाळला आणि तो माळ्यावर टाकला. दोन वर्षे त्यांनी लाकडाला हात लावला नाही. मांगराच्या दारात बसून ते खाडीतल्या फायबरच्या होड्या पाहत राहत, आणि जेवायला हाक आली की 'भूक नाय' म्हणत.

त्यांची मुलगी जान्हवी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे शिक्षण घेऊन जामसंड्याला बाबलीच्या सोडा-सरबताच्या दुकानात एका टेबलावर काम करीत असे. शाळा सुटली की मुले त्या दुकानात येत आणि व्हिडिओ गेमच्या गप्पा मारीत. त्यांतल्या बहुतेकांनी तो पाहिलेलाही नव्हता. एके दिवशी बाबली म्हणाला, "गो जान्हवी, असलो एक गेम हयसर आणलो तर पोरां माझ्या दुकानातसून हलाचीच नाय."

"आणूक कित्याक होयो? मी बनवतलंय," जान्हवी म्हणाली.

"तू? आणि पेटी कोण बनवतलो?"

जान्हवीने क्षणभरच विचार केला असावा. "बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझा जन्म या एका शब्दात झाला. तिला गेम हवा होता हे खरे. पण त्याहून अधिक तिला आपल्या वडिलांच्या हातात पुन्हा वाकस पाहायचा होता. मी त्या हेतूचे साधन झालो. साधन होण्यात कमीपणा नसतो, असे मी स्वतःला समजावीत आलो आहे.

फुटक्या पेटीच्या एका टीव्हीतून तिने पिक्चर ट्यूब काढली. टीव्हीला जोडायच्या खेळण्यातील गेमचा सर्किट बोर्ड, म्हणजे पाटी, तिने कोल्हापूरहून मागवली. बटणांच्या जागी दारावरच्या घंटेची बटणे बसवली, आणि खेळण्याच्या दांडीखाली करवतीच्या जुन्या पात्याचे चार लवचीक तुकडे लावले. दांडी ज्या बाजूला कलेल त्या बाजूचा तुकडा तारेला टेकावा, अशी ती युक्ती होती. दांडी दाजींनी घडवली. ती होडीच्या सुकाणूसारखी मुठीत भरते, असे पुढे सर्वांनी म्हटले.

पेटीचे काम मात्र दाजींनी कोणालाही विचारून केले नाही. त्यांनी माळ्यावरचा वाकस काढला, फणसाच्या फळ्या उतरवल्या आणि मला होडीप्रमाणे बांधले. आतून फासळ्या दिल्या. लोखंड गंजते म्हणून तांब्याचे खिळे मारले. प्रत्येक सांध्यात कापूस ठासला आणि वर तेलात कढवलेली राळ ओतली. पाठीमागचे दारसुद्धा त्यांनी असे बसवले की, ते लावल्यावर सांधा बोटाला लागू नये. मग त्यांनी आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे माझी परीक्षा घेतली: मला उताणे पाडून काठोकाठ पाणी भरले आणि सकाळपासून सूर्य कलेपर्यंत शेजारी बसून राहिले. एक थेंबही बाहेर आला नाही.

"बघ गो," ते जान्हवीला म्हणाले, "पाणी सोड, मुंगीसुद्धा जावची नाय!"

त्या दिवशी ते दोन वेळा वाढून घेऊन जेवले. जान्हवीची आई मथुरा ओसरीवरून हे पाहत होती. ती लेकीला हळूच म्हणाली, "काय तां यंत्र चलो नाय तर न चलो. माणूस जेवलो."

पंधरा दिवस उन्हात सुकल्यावर माझ्यात तारा बसल्या आणि मी टेम्पोतून जामसंड्याला गेलो. दाजी धुतलेला सदरा घालून बरोबर आले. लोकांनी माझ्या अंगावरून हात फिरवले. "दाजीनू, ह्यां कपाट की गलबत?" असे कोणी विचारले, तेव्हा ते नुसते हसले. मला चालू करण्यात आले. पडद्यावर रंगीत चित्र उमटले. मुलांनी आरोळी ठोकली. नाणी पडू लागली. माझ्या आयुष्यातील निर्भेळ सुखाचा काळ म्हणजे त्यानंतरचा पाऊण तासाचा अवधी होय.

मग मला गरम होऊ लागले. ट्यूब तापते, पाटी तापते. ती उष्णता कोठेतरी जायला हवी. पण ज्या पेटीतून पाणी बाहेर पडत नाही, तिच्यातून हवा कशी पडावी? दाजींनी आयुष्यभर जी वस्तू बांधली, तिच्यात भोक म्हणजे मरण होते. श्वास घेण्यासाठी भोक लागणारी वस्तू त्यांनी कधी घडवलीच नव्हती. चित्र बाजूंनी आकसले, रंग एकमेकांत मिसळले आणि पडदा काळा झाला.

"काय झाला गो?" बाबलीने विचारले. "इतक्यातच दमलो?"

जान्हवीने पाठीमागचे दार उघडले. आतली वाफ तिच्या तोंडावर आली आणि तिला सर्व कळले. तिने वळून वडिलांकडे पाहिले. ते दोन्ही हात मागे बांधून ताठ उभे होते. दोन वर्षांत ते असे उभे राहिले नव्हते.

"तारांचो दोष," ती म्हणाली. "माझ्याच हातान काय तरी चुकला."

दाजींनी मान हलवली. "लाकडाचा काम चोख आसा. तुझ्या तारा बघ."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी तेथेच ओरडलो असतो.

त्यानंतर दोन वर्षे माझा दिनक्रम असा होता: अर्धा तास खेळ, मग जान्हवीने दार उघडून ठेवायचे, पुठ्ठ्याने वारा घालायचा, आणि मी निवलो की पुन्हा खेळ. आतली वीज उघडी पडते म्हणून दार उघडे ठेवून मुलांना खेळू देता येत नसे. मुले कंटाळत. बाबली थट्टा करी, "अगो, ह्या गेमाक अर्ध्या तासान झोप येता. ह्येका पाळण्यात घाल!" ही थट्टा हळूहळू गावात शिरली. जिला स्वतःचा गेम नीट करता येत नाही, तिच्याकडे आपला टीव्ही कोणी द्यावा? एकामागून एक गिऱ्हाइके देवगडला जाऊ लागली. तिचे टेबल रिकामे राहू लागले. ती ते सोशीत राहिली, कारण विजयदुर्गला दाजी पुन्हा काम करू लागले होते. कोणाचे देव्हारे, कोणाची दारे. वारा खेळायला दारात चार भोके पाडली की काम होणार होते. पण ती भोके पाडायची तर कारण सांगावे लागले असते.

मी मात्र झिजत गेलो. रोजच्या तापण्यानिवण्याने माझ्या ट्यूबचे आयुष्य निम्मे झाले. वरून खाऱ्या वाऱ्याने पात्यांवर गंज धरला. थकवा म्हणजे काय, हे मला वृद्धपणी शिकावे लागले नाही.

एका दुपारी दार उघडे असताना तिने आतला गंज पुसायला हात घातला. ट्यूबमध्ये साठलेल्या विजेचा जबर झटका तिला बसला. हात मागे फेकला जाऊन माझ्याच फासळीवरच्या खिळ्यावर आदळला आणि मनगट फाटले. बाबलीने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी पहिल्या एसटीने जामसंड्याला आले. चेडवाला चावलेली तार कोणती, हे त्यांना पाहायचे होते. "दार लाव आणि चालू कर," ते बाबलीला म्हणाले आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. अर्धा तास गेला. बाबली बंद करायला उठला तर त्यांनी हाताने थांबवले. थोड्या वेळाने त्यांचे नाक फुलले. त्यांनी वाकून माझ्या डाव्या कुशीला बोट लावले. तेथील सांध्यातून राळेचा एक थेंब ओघळत होता.

तारांचे त्यांना काही कळत नव्हते. पण राळ कोणत्या आचेला पातळ होते, हे त्यांना साऱ्या देवगड तालुक्यात सर्वांत अधिक कळत होते. त्यांनी तो थेंब दोन बोटांत चोळून पाहिला.

"बंद कर रे," ते शेवटी म्हणाले. "तो आत शिजता."

मागले दार त्यांनी पेच काढून कापडात बांधले आणि दुपारच्या गाडीने घरी नेले; जान्हवी मनगटाला पट्टी बांधून तेथेच होती. म्हणून पुढचे संभाषण त्या दाराने ऐकले, आणि दारही माझाच भाग आहे.

"तुका ठाऊक होता?" त्यांनी विचारले.

जान्हवीने दाराच्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "होय."

"कधीपासना?"

"पयल्या दिसापासना."

"आणि सांगूक नाय?"

"बाबा, दोन वर्सांनी तुमी वाकस धरलास. कसा सांगू?"

"माका खेळवत ऱ्हवलंस!" दाजींचा आवाज चढला. "चूक सगळ्यांची होता. माझ्या बापाशीची एक होडी पयल्याच दिवशी बुडली, तेणां दुसरी बांधली. तू माका सांगतंस तर मी एका दिवसात भोकां पाडतंय. तू माका पोर समाजलंस. आणि माझी चूक ह्या हातार घेतलंस." त्यांनी तिच्या मनगटावरच्या पट्टीकडे बोट दाखवले.

मथुरा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चूक माझी पण आसा. मीच म्हटलंय, न चलो तर न चलो."

आणि तिने तिघांची पाने वाढली.

सकाळी दाजी गिरमीट घेऊन परत जामसंड्याला आले. जान्हवी बरोबर होती. दुकानात दहाबारा माणसे होती. दाजींनी मागले दार मांडीवर घेतले. पहिले भोक पाडण्यापूर्वी त्यांचा हात थांबला, हे मी पाहिले. मग भुसा पडू लागला. त्यांनी दाराला वर एक रांग पाडली, खाली एक रांग पाडली, आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून प्रत्येक भोक तिरपे पाडले.

"काय दाजीनू," बाबलीला राहवले नाही, "होडयेक भोकां पाडतात? बुडतली मां!"

"होडी नव्हतीच रे ती," दाजी मान वर न करता म्हणाले. "तां माका उशिरां कळला. आणि आयका सगळ्यांनी: चूक माझी होती. चेडवाच्या कामात खोट नाय. तुमचे टीव्ही देवगडाक कित्या नेतात, मेल्यानू?"

त्या दिवशी मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चाललो. वारा आत येत होता आणि बाहेर जात होता.

पुढील सहा वर्षे मी काम केले. त्यांचे वर्णन करीत नाही, कारण सर्व कामकऱ्यांची वर्षे सारखीच असतात. गिऱ्हाइके परतली आणि जान्हवीने स्वतःचे दुकान थाटले. मुले मोठी झाली. नवी मुले आली, तीही मोठी झाली. मग हातातल्या मोबाइलवर गेम आले. २००८ साली बाबलीला माझ्या जागेत मोबाइल रिचार्जचे टेबल मांडायचे होते. त्याने मला टेम्पोत चढवताना "संभाळून रे, म्हातारो आसा" एवढे मात्र म्हटले. मी पुन्हा विजयदुर्गच्या मांगरात आलो. दोन वर्षे माझ्यावर जाळी टाकली गेली, सुकट ठेवली गेली. माझी तक्रार नाही. तक्रार करायलाही काहीतरी चालू असावे लागते.

आज सकाळी जान्हवी आली. दाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ते माझ्या शेजारी चटईवर बसले. तिने दार उघडले, तारा तपासल्या.

"ट्यूब गेली, बाबा. आता दुसरी मिळाची नाय."

"जावंदे. मरणां कोणाक चुकला? लाकूड बरां आसा मां?"

जान्हवी वाकली. तिने माझ्या तळाच्या फळीला पेचकसाचे टोक लावले. ते लोण्यात शिरावे तसे आत गेले. दाजींना काही दिसत नव्हते. 'बरां आसा' म्हणणे किती सोपे होते!

"नाय, बाबा," ती म्हणाली. "खालची फळी वाळवेन खाल्ली. पोकळ झाली."

दाजींनी हात पुढे केला. "दी हयसर. माका हातान बघूंदे." त्यांनी ती भुसभुशीत कड बोटांनी चाचपली. "होय गो, गेली. मीच जमनीर ठेवलंय, खाली दगड घालूक होये होते. ही काढ. बाकीच्यो दोगांनी बघूया."

मित्रांनो, मला रंगवा, पुसा, संग्रहालयात ठेवा, अशी याचना मी करणार नाही. मला खरोखरच थांबायचे आहे. माझी विनंती माझ्यानंतरच्या वस्तूंसाठी आणि त्या घडवणाऱ्यांसाठी आहे. जिच्यावर तुमचे प्रेम आहे ती वस्तू झाकून ठेवू नका. तिला वारा लागू द्या. आणि ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे, त्याच्या हातून चूक झाली, तर ती त्याला त्याच दिवशी सांगा. तो रागावेल, रागावू द्या. न सांगितलेल्या चुकीचा ताप कोणीतरी तिसराच सोसतो, हे मी स्वतः सोसलेले सांगत आहे.

ज्या फळ्या चांगल्या निघतील, त्यांचे जान्हवीच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी बाक होणार आहे. माणसांनी येऊन बसावे आणि मी नुसते उभे राहावे. या कामाला माझी ना नाही. दाजी बोटांनी खिळा शोधून देत आहेत, जान्हवी तो उपटीत आहे. एक सांधा सुटला. आता दुसरा.