गुण्याखालचा उजेड

मित्रांनो, या देशाची भावी औद्योगिक पिढी ज्याच्या अंगावर घडली, ज्याने सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या तरुणाईचा घाम अगदी जवळून पाहिला, आणि ज्याच्या सहा बाजूंवर चौसष्ट जणांचे भवितव्य घासले गेले, तो मी आहे. मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. सध्या माझा आकार काडेपेटीएवढा आहे.

पूर्वी मी चांगला अर्ध्या विटेएवढा होतो. माझा जन्म माधवनगरला नानासोंच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि जोतीराम. जोतीराम हे तिथले सर्वांत जुने कारागीर. पूर्वी येथे मागाचे सुटे भाग तयार होत. गिरण्या थंडावल्या तसे नानासो उसाच्या ट्रॉलीचे हूक करू लागले. जोतीरामांनी मला एका जाड पट्टीतून हॅक्सॉने कापले. कापता कापता त्यांनी मध्येच तंबाखू मळली, त्यामुळे माझी एक बाजू जन्मतःच तिरकी आहे.

ही तिरकी बाजूच माझ्या नशिबाला कारण झाली. नानासो मला पाहून म्हणाले, "ह्यो राहू दे परीक्षेला."

परीक्षा अशी असे. दहावी किंवा आयटीआय करून एखादे पोर शिकाऊ म्हणून ठेवा असे सांगत आले, की त्याच्या हाती लोखंड घासायची कानस आणि मी, असे दोघे दिले जात. मला घासून काटकोनात आणायचे. पुढच्या पोरासाठी जोतीराम मला परत तिरका करून ठेवत. काटकोन पाहायला एल आकाराचे हत्यार असते, त्याला गुण्या म्हणतात. घासणाऱ्याने जोतीरामांच्या टेबलावरचा साधा, तेलकट गुण्या वापरायचा. नानासो मात्र निकाल लावणार ते आपल्या वस्तादांनी दिलेल्या गुण्याने. तो मखमली डबीत असे. खांडेनवमीला त्याला पाटावर मधोमध बसवून हळदकुंकू वाहत. एरवी तो कामाला वापरत नसत, फक्त परीक्षेला. माझ्यावर तो टेकवून नानासो दारात उजेडाकडे तोंड करून उभे राहत. गुण्याखालून उजेड दिसला, म्हणजे कोन चुकला, की म्हणत, "कळवतो."

पहिली दोन पोरे पास झाली आणि काम शिकून पुण्याला गेली. मग एका खांडेनवमीला शेजारची शेळी आत आली. तिला हत्यारांचे काही नव्हते, झेंडूच्या माळेचे होते. तिने माळ ओढली आणि पाटावरचा गुण्या फरशीवर पडला. नानासोंनी तो उचलला, सदऱ्याला पुसला, कपाळाला लावला आणि डबीत ठेवला.

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. त्यानंतर एकही उमेदवार पास झाला नाही.

मित्रांनो, मला सगळे दिसत होते. पण ठोकळ्याला कोण विचारतो? एकामागून एक पोरे आली. कुणी मला दोन तास घासले, कुणी दोन दिवस. घासणारा दमून घाम पुसायला लागला की मला वाटे, बस झाले बाळा, मी काटकोनात आहे. मग वस्तादांचा गुण्या यायचा आणि उजेड दिसायचा. जाताना पोरे आपला अर्ज ठेवून जात. नानासोंनी ते सगळे एका पत्र्याच्या पेटीत नीट जपले होते. ते मनाने वाईट नव्हते. प्रत्येक पोर गेल्यावर ते खरोखर हळहळत. "हल्लीच्या पोरांच्या हातात काय न्हाई रं," असे जोतीरामांना म्हणत आणि लोकांची ओरड ऐकत, की हूक वेळेवर मिळत नाहीत. वेळेवर मिळणार कसे? काम करायला माणूस नव्हते.

अशात मागच्या महिन्यात क्रांती आली. उंब्रजची पोरगी, आयटीआयची फिटर. माधवनगरला आत्याकडे राहून ती जागा शोधत होती. सोळा ठिकाणी जाऊन आली होती. पहिल्या ठिकाणी विचारले, अनुभव आहे का. ती म्हणाली, अनुभव घ्यायलाच आले आहे. ते म्हणाले, मग घेऊन या. दुसऱ्या ठिकाणी बायकांसाठी वेगळे संडास नव्हते. तिसऱ्या ठिकाणी जागा होती, पण ती साहेबांच्या भाच्यासाठी राखून ठेवली होती. भाचा सध्या नववीत आहे. उरलेल्या तेरा ठिकाणी गेटवरचा वॉचमनच मुलाखत घेई.

महिनाअखेरपर्यंत कुठे शिकाऊ म्हणून लागली नाही, तर उंब्रजला परत जाऊन चुलतभावाच्या, साईराजच्या दुकानात झेरॉक्स काढत बसायचे, असे घरी ठरले होते. त्या दिवशी तारीख होती अठ्ठावीस.

तिच्याबरोबर आत्या चंद्राबाई आल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या शिफारस केली.

"आवं नाना, पोरगी लय कष्टाळू हाय. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या काढून परत बसवल्या तिनं. कपाटाचं दार आता उलट्या बाजूनं उघडतंय, पर कुरकुरत न्हाई."

"आत्या, गप की," क्रांती म्हणाली.

नानासोंनी मला तिच्या हातावर ठेवले. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "ह्यो एवढाच हाय?"

"आधी मोठा हुता," जोतीराम म्हणाले.

मग तिने मला टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळले. मित्रांनो, तिच्याआधीच्या त्रेसष्ट जणांचा हात मी ओळखतो. काही जण कानस अशी चालवतात, जणू माझ्याशी जुने भांडण आहे. ही तशी नव्हती. दोन हात मारायची, थांबायची, तेलकट गुण्या लावायची, परत दोन हात. तिचा चष्मा घामाने खाली येई आणि ती तो खांद्याने वर सारी. दीड तासात मी इतका सरळ झालो, की मलाच अवघडल्यासारखे झाले.

नानासोंनी मखमली डबी उघडली. दारात जाऊन माझ्यावर गुण्या टेकवला.

"उजेड हाय," ते म्हणाले. "कळवतो."

चंद्राबाईंनी पिशवी उचलली. क्रांती मात्र जागची हलली नाही.

"नाना, जोतीरामकाकांच्या गुण्यानं उजेड दिसत न्हाई. तुमच्या गुण्यानं दिसतोय. ठोकळा तर एकच हाय."

जोतीराम तेलाची बुधली शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

"मग तुला म्हणायचंय काय?"

"मला काय म्हणायचं न्हाई. गुण्या कसा तपासायचा ते सरांनी शिकवलंय. एक मिनिट लागतंय."

"वस्तादांचा हाय ह्यो. हात लावायचा न्हाई."

"मी न्हाई लावत. तुमीच लावा. मी लांब उभी राहते."

"व्हय नाना, ती लांब उभी राहील," चंद्राबाई म्हणाल्या आणि तिला धरून दोन पावले मागे नेले.

एवढे झाल्यावर नाही म्हणायला जागा राहिली नाही. क्रांती लांबून सांगत गेली आणि नानासो करत गेले. सरळ कडेचा पत्रा घ्या. कडेला गुण्या टेकवून रेघ ओढा. आता गुण्या पालथा करा आणि त्याच टोकापासून दुसरी ओढा. गुण्या खरा असेल तर दुसरी रेघ पहिलीवरच बसते.

दोन्ही रेघा एका जागेवरून निघाल्या आणि वर जाईपर्यंत भाऊबंदकी झाल्यासारख्या वेगळ्या झाल्या.

"हात हालला," नानासो म्हणाले आणि परत ओढल्या.

"पत्र्याची कड वाकडी हाय," ते म्हणाले आणि पत्रा बदलला.

तिसऱ्यांदा ते चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले.

"वस्तादांनी दिला तवा सरळ हुता," ते म्हणाले.

"हुता की," जोतीराम म्हणाले. "मग त्या खांडेनवमीला..."

"शेळीच्या?"

"शेळीच्याच."

"अकरा वर्षं तू गप बसलास व्हय रं?"

"तुमी कपाळाला लावलासा त्यो. त्यावर मी काय बोलणार?"

मला वाटले, झाले, आता पोरगी लागली. पण नानासो परीक्षक होते. परीक्षक इतक्यात शरण जात नाही.

"गुण्या चुकला म्हंजे तू बरोबर, असं हुत न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई हुत," क्रांती म्हणाली. "काकांच्या गुण्याची बी रेघ ओढा. खरा निघाला तर त्यानं बघा."

त्यांनी ओढली. तेलकट गुण्याच्या दोन रेघांची एकच रेघ झाली. मग नानासोंनी त्याच गुण्याने मला तपासले. मला उन्हात नेले, चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. चारी कोपरे झाले. मी श्वास रोखून होतो, म्हणजे नेहमीसारखाच होतो.

"न्हाई उजेड," नानासो म्हणाले. एखाद्याच्या घरी मयताला गेल्यासारखा त्यांचा आवाज होता. "सोमवारी ये. आठ म्हंजे आठ."

"आणि नाना, ते संडासाचं?" चंद्राबाईंनी विचारले.

"माझं घर पलीकडंच हाय की."

सोमवारी क्रांतीला पहिले काम मिळाले ते कानशीचे नव्हते. नानासोंनी अर्जांची पेटी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "एकसष्ट हायती. सगळ्यांना फोन लाव." पहिला फोन मात्र त्यांनी स्वतः घेतला. उमेदवार आता महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो.

"मी माधवनगरचा नानासो बोलतोय. नऊ वर्षांमागं तू परीक्षेला आला हुतास."

"व्हय. तुमी 'कळवतो' म्हणला हुता."

"तेच कळवायला फोन केलाय. माझाच गुण्या चुकला हुता."

पलीकडे गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं झालं कळवलं. घरी अजून म्हणत्यात, तुला साधा ठोकळा घासाय आला न्हाई."

मित्रांनो, अशा लेखाच्या शेवटी काही शिकवण द्यायची असते. मीही तयारी केली होती. शिकू पाहणाऱ्या हाताला काम द्या, परीक्षा घेणाऱ्याने आधी आपले हत्यार तपासावे, असे तीन परिच्छेद मनात जुळवले होते. पण त्याला आता सवड नाही. एकसष्टपैकी एकोणीस जणांनी कळवले आहे, की नोकरी नको, आमची कामे लागली आहेत, पण आम्ही पास का नापास ते एकदा बघायचे आहे. ते सगळे येत्या रविवारी येणार आहेत. आणि सगळ्यांना सारखाच पेपर पाहिजे म्हणून नानासो मलाच देणार म्हणतात.

तेव्हा तुमच्या गोठ्यात, परसात किंवा ट्रॉलीखाली एखादा लोखंडाचा तुकडा पडला असेल, तर तेवढा शनिवारपर्यंत माधवनगरला पोचवा. गंजलेला चालेल.